सुरूच्या बनातली घरगाडी

गुरुवार, ११ ऑक्टोबर १९५६

चाळ आज निम्मी रिकामी झाली. जाणारे सगळे दीक्षेसाठी नागपूरला गेले. तळमजल्यावरचा शामराव, आमच्या मंडळाचा चिटणीस, दुपारपासून जिन्याखाली उभा राहून ओरडत होता, "कोंडीरामबाबा, आटपा! गाडी काय तुमच्यासाठी थांबणार हाय?" आबांची, माझ्या वडिलांची, वळकटी बांधून तयार होती. ती मी सोडली.

रागावून नाही, समजुतीनं. म्हटलं, आबा, तुमची छाती ही अशी. सगळा जन्म गिरणीच्या रिंग खात्यात कापूस गिळण्यात गेला. आपले दोन जिने चढायचे तरी माझ्या खांद्यावर हात ठेवावा लागतो. एवढा लांबचा प्रवास, एवढी माणसं, रात्रीची थंडी. बाबासाहेब मुंबईत येणारच आहेत, इथंही धम्मदीक्षा होईल. त्या दिवशी मी स्वतः तुम्हाला पुढच्या रांगेत बसवतो.

आबा बराच वेळ वळकटीच्या सुतळीशी खेळत बसले. मग म्हणाले, "तू म्हणतूस तर ऱ्हातो. पर बसवशील न्हवं?"

"शब्द देतो," मी म्हणालो.

यातलं काही खोटं नाही. पण आबा गेले असते तर मलाही सोबत जावं लागलं असतं, आणि कारखान्यात माझ्या हातातल्या मोटारगाडीचं छप्पर अजून उघडं आहे. हे मी बोललो नाही. बोलण्याची गरज पडली नाही.

रविवार, ४ नोव्हेंबर

गाडीबद्दल लिहायचं राहूनच जातंय. लढाईतली जुनी अँब्युलन्स आहे. रे रोडच्या भंगारात गंजत पडली होती. वाळकेश्वरचा एक शेठ विलायतेत जाऊन आला. तिथं म्हणे लोक मोटारीतच घर करतात, समुद्राकाठी नेऊन उभी करतात, आणि आठ-आठ दिवस तिथंच शिजवतात, तिथंच झोपतात. शेठला तशी गाडी हवी. आमच्या चिंचपोकळीच्या कारखान्याचे मालक गंगाधरशेठ मला म्हणाले, "जगदीश, तुझा हात चांगला आहे. तू कर."

मी केली. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण इथं कोण वाचणार आहे? दोन्ही बाजूंच्या बाकांच्या रात्री खाटा होतात. मागचं दार खाली पाडलं की छान ओटा होतो. स्टोव्ह ठेवायला पत्र्याची खोबण आहे. आणि टपावर पाण्याची टाकी, तिचा नळ आत. आमच्या चाळीत पाण्यासाठी पहाटे हंडे आपटतात, आणि इथं अंथरुणात बसून हात धुता येतात! कारखान्यातली पोरं तिला घरगाडी म्हणतात. मला म्हणतात, भाडं किती घेणार?

गुरुवारपासून ते द्वैभाषिक राज्य सुरू झालं. मुंबई महाराष्ट्राला नाही ती नाहीच. सगळे पेटलेत. शामरावानं विचारलं, सभेचा कर्णा फिरवायला एक दिवस घरगाडी देतोस का? म्हटलं, गाडी माझी नाही रे बाबा, गिऱ्हाइकाची आहे. तो म्हणाला, "गिऱ्हाइकाची हाय, तर मग तू एवढा का फुगतोस?" रंग ओला होता, हे खरं कारण. म्हणजे एक कारण.

मंगळवार, २० नोव्हेंबर

मुंबईच्या दीक्षेची तारीख ठरली! सोळा डिसेंबर. आबांनी पांढरं धोतर आणलं आणि पांढरा सदरा शिवून घेतला. सदरा अंगाला लावून मालनला विचारत होते, "कसा दिसतुया?" मालन माझी पोर, चार वर्षांची. ती म्हणाली, "डॉक्टर." तिची आई शैला एवढी हसली की पोळी करपली.

खऱ्या डॉक्टरांकडे मी काल आबांना नेलं होतं. ते म्हणाले, थोडे दिवस समुद्राची हवा द्या. दगदग नको, आणि मनाला धक्का बसेल असं काही नको. आणि आज गंगाधरशेठ स्वतःहून म्हणाले, "गाडी तयार झाली, पण राहिल्याशिवाय तिच्या खोड्या कळणार नाहीत. तू बायकोमुलं घे आणि आठवडाभर किनाऱ्यावर राहून ये. काय गळतं, काय खडखडतं, बघ. त्या शनिवारी शेठ तिथंच बघायला येतील. गाडी पसंत पडली तर तू मेस्त्री, सगळ्या पोरांवर." आमच्यातला मेस्त्री त्या कारखान्यात आजवर झालेला नाही.

एका दगडात किती पक्षी! आबांची छाती मोकळी होईल, सोळा तारखेला ताठ बसतील, आणि मी मेस्त्री.

सोमवार, ३ डिसेंबर

मार्व्याच्या अलीकडे, सुरूच्या बनात. जागा सरकारी आहे. चौकीदार परवाना उलटा धरून वाचत होता, मग गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "सर्कस आहे का?"

गाडी वाळूच्या कडेला, पाण्याकडे दार करून उभी केली. ओटा पाडला. शैलानं पहिला चहा केला. आबांनी पांढऱ्या कपड्यांचं गाठोडं उशाला ठेवलं, कारण घरी ठेवून येण्यावर त्यांचा विश्वास नाही. म्हणाले, "चाळीत उंदरं लई." दादरच्या दुकानातून तपकिरीची डबी गच्च भरून आणलीय. विडी सुटली, आता तेवढीच एक चैन.

शैला म्हणाली, "अहो, दाराबाहेर कुणीच नाही." तिला भीती वाटली की बरं वाटलं, ते कळलं नाही. चाळीत दाराबाहेर कुणी नाही असं कधी झालेलं नाही.

खोड्या: टाकीचा नळ ठिबकतो. डाव्या खिडकीची काच खडखडते.

मंगळवार, ४ डिसेंबर

टाकीचं पाणी खारट निघालं. माझीच चूक, तळाला जुना खार राहिला असणार. गोडं पाणी कोळीवाड्याच्या विहिरीवर. मी हंडा घेऊन निघालो, तर आबाही मागोमाग आले. विहिरीवर दमयंती म्हणून एक कोळीण होती. दादरच्या बाजारात मासळी विकते, पहाटे जाते, दुपारी परत येते. मी नुसतं "पाणी मिळेल का?" विचारणार होतो. माझ्याआधी आबा पुढं झाले, हात जोडले, आणि आम्ही कोण, कुठल्या समाजाचे, ते सगळं सांगून मोकळे झाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी विचारलं होतं?

दमयंतीनं जरा वेळ आमच्याकडे पाहिलं. मागे एक म्हातारी काही तरी पुटपुटली. मग दमयंतीनं स्वतः पोहरा ओढून आमचा हंडा भरला. दोराला मात्र आम्हाला हात लावू दिला नाही. म्हणाली, "बाबा, रोज या. मी नसलू तं हाक मारा."

येताना मी कुरकुरलो. आबा म्हणाले, "आधी सांगून टाकलं की बरं असतंय. मागनं कळलं की मानसाला जास्त लागतंय."

आबांचं हे असंच. सगळं आधी सांगायचं.

बुधवार, ५ डिसेंबर

मोठ्या सुखाचा दिवस. आबा रात्रभर खोकल्याशिवाय झोपले. सकाळी एकटे पाण्यापर्यंत गेले आणि खांद्याशिवाय परत आले. शैलानं चाळीतल्यापेक्षा मोठ्या आवाजात गाणं म्हटलं. मालननं दमयंतीकडून एक खेकडा मागून आणला आणि तो बाकाखाली हरवला. आता सगळे पाय वर घेऊन बसलेत.

दमयंती संध्याकाळी आली आणि आबांशी बोलत बसली. तिला गिरणीचं कुतूहल, त्यांना होडीचं. आबा तिला सोळा तारखेचं सांगत होते, मी त्यांना पुढच्या रांगेत बसवणार आहे ते. "ह्यानं सबूद दिलाय," असं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मी काच पक्की करत होतो. अंगावर मूठभर मांस चढलं.

शेठ येईपर्यंत तेवढा नळ नीट व्हायला हवा.

गुरुवार, ६ डिसेंबर

लिहिलं की थोडं शांत वाटेल म्हणून लिहितोय.

दुपारी घासलेट आणायला मालाडला गेलो. एका इराण्याच्या दुकानापुढं माणसं जमली होती. वाटलं, संयुक्त महाराष्ट्राची काही बातमी असेल. आत रेडिओ होता. बाबासाहेब गेले. आज सकाळी, दिल्लीत. उद्या मुंबईला आणणार, दादर चौपाटीवर सगळं होणार.

किती वेळ उभा होतो, माहीत नाही. एक माणूस फुटपाथवर बसून डोकं आपटत होता. त्याला कुणी धरत नव्हतं. मीही धरलं नाही. घासलेटचा डबा माझ्या हातात होता आणि मी तो खाली ठेवायलाही विसरलो होतो.

येताना सगळा रस्ता ठरवत आलो, की गेल्या गेल्या सांगायचं, सामान भरायचं आणि निघायचं. बनात शिरलो, आणि आबा दिसले. ओट्यावर बसले होते, समुद्र सोडून दक्षिणेला, मुंबईकडे तोंड करून. पाठ एवढी वाकलेली. आणि मला डॉक्टर आठवले. धक्का नको. हे ऐकून इथंच, या वाळूत, त्यांचं काही झालं तर?

शैलाला गाडीमागे नेऊन सांगितलं. तिनं तोंडात पदर कोंबला. मग म्हणाली, "चला, आत्ता निघू." मी डॉक्टरांचं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना काय कळतं यातलं? त्यांचं दैवत गेलंय. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते." मी तिला मालनची शपथ घातली. असली शपथ मी आयुष्यात कुणाला घातली नव्हती.

मग ती हळूच म्हणाली, "शनिवारी शेठ येणार नसता, तर?"

मी घासलेटचा डबा उचलून स्टोव्ह भरायला घेतला. कारण डॉक्टरांचं आहे, हेच खरं कारण आहे. शेठचं नंतर आठवलं. बहुतेक नंतर.

आबा जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले. मालन सांगत होती की आजोबांच्या डोळ्यांत खूप वाळू गेली होती आणि दमयंतीमावशीनं पदरानं पुसली. वारा आहेच आज. उद्या सकाळी सांगतो.

शुक्रवार, ७ डिसेंबर

सांगितलं नाही.

सकाळी मी तोंड उघडणार एवढ्यात आबाच म्हणाले, "जगू, दादरला जाऊन ये." मी विचारलं, कशाला? म्हणाले, "तपकीर संपली. ती दादरचीच लागती मला."

सोमवारी गच्च भरलेली डबी शुक्रवारी संपते? म्हातारपणी माणूस पोरासारखा हट्टी होतो. मी म्हटलं, मार्व्यात मिळते की. ते म्हणाले, "तिला चव न्हाई. जा की. आत्ता गेलास तर दिवस मावळायच्या आत यशील. न्हाई आलास तरी चालंल. आमी ऱ्हातो दमयंतीच्या जिवावर." दोनदा म्हणाले, तीनदा म्हणाले. शेवटी हात धरला माझा.

कसा जाणार मी दादरला? आज? त्या गर्दीतून, त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत? आणि परत येऊन तपकिरीची डबी द्यायची आणि म्हणायचं, तिकडं सगळं ठीक आहे? मी चिडलो. म्हणालो, "आबा, शेठ उद्या येतोय, नळ अजून ठिबकतोय, आणि तुम्हाला तपकिरीचं पडलंय!"

त्यांनी हात सोडला. "बरं," म्हणाले.

मग गाठोडं सोडलं आणि पांढरे कपडे घातले. सोळा तारखेचे. शैला माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, आबा, हे आज का? "घडी मोडून बघतो," म्हणाले. "वारं लागूं दे." क्षणभर वाटलं, यांना कळलं की काय? पण कोण सांगणार? इथं रेडिओ नाही, पेपर नाही, चौकीदाराला वाचता येत नाही. शैलानं शपथ मोडलेली नाही, तिला मी ओळखतो.

दुपारपासून ते पाण्याच्या कडेला उभे होते. बसा म्हटलं तर बसेनात. मालननं आणलेली झेंडूची फुलं ओंजळीत होती. दमयंतीनं दिली म्हणे, कोळीवाड्यात कसली तरी पूजा असेल. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. खोकला आला की वाकायचे, पुन्हा सरळ व्हायचे. दिवस मावळला तशी त्यांनी फुलं पाण्यात सोडली आणि वळले.

मी तोवर नळ सोडवून पुन्हा बसवला होता. हाताला काही तरी काम हवं होतं. त्या वेळी तिकडं दादरला काय चाललं असेल ते मला दिसत होतं, आणि मी वायसर कापत होतो. नळ आता ठिबकत नाही.

शनिवार, ८ डिसेंबर

शेठ आले. बरोबर बायको, दोन मुली, गंगाधरशेठ. आबांनी स्वतः त्यांना दार पाडून ओटा दाखवला, बाक उघडून दाखवले. "माज्या पोरानं केलंय," असं दहा वेळा म्हणाले. घसा बसला होता, तरी म्हणाले. मुलींनी नळ उघडून बघितला आणि टाळ्या वाजवल्या. गाडी पसंत. गंगाधरशेठनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. नव्या वर्षापासून मी मेस्त्री.

शेठच्या बायकोनं विचारलं, काल शहरात फार गर्दी होती, तुम्हाला इथं त्रास नाही ना झाला? मी झटकन म्हणालो, नाही बाई. आणि आबांकडे बघितलं. ते बाकाची कडी लावत होते.

आनंद व्हायला हवा होता. तोंडात खारट चव आहे. टाकी धुतली तरी.

रविवार, ९ डिसेंबर

परत आलो. चाळीच्या दारावर काळं निशाण. शामराव पायरीवर बसला होता, डोळे सुजलेले, आवाज पार गेलेला. "कुठं होता रे तुम्ही? चाळीतलं तान्हं पोरसुद्धा चौपाटीवर होतं. चितेसमोर लोकांनी दीक्षा घेतली, लाखानं. आणि कोंडीरामबाबा नाहीत! मी सगळ्या गर्दीत शोधत होतो तुम्हाला."

मी आबांचा दंड धरला, ते पडतील म्हणून. आणि तोंडातून निघून गेलं, "आम्हाला तिकडं काहीच कळलं नाही रे. आत्ताच कळतंय."

हे मी बोललो. शैलासमोर बोललो. ती मालनला उचलून जिना चढून गेली.

आबा पडले नाहीत, रडले नाहीत. माझ्याकडे एवढ्या मायेनं बघितलं की मला भीतीच वाटली. म्हणाले, "व्हय शामराव. ह्याला तिकडं काय कळणार? दिसभर हातात पाना." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून वर चढले. दर पायरीला थांबत होते. धक्क्यानं सुन्न झाले असणार. मी डॉक्टरांना बोलावू का विचारलं, तर नको म्हणाले.

बुधवार, १२ डिसेंबर

कारखान्याच्या कामानं दादरला गेलो होतो. मासळीबाजारावरून जाताना मागून हाक आली. दमयंती.

"काय र, बाबा कसा हाय तुजा?"

म्हटलं, बरे आहेत, पण बातमीचा धक्का बसला.

"आता कसला धक्का?" ती म्हणाली. "तवाच बसला. गुरवारी मी बाजारशी आयलू न, तवाच सांगलं मी बाबाला. हितं लोका रस्त्यावर पडून रडत व्हती. मना वाटलं, यांचा मानूस गेला, यांना सांगाया पायजे. तू घासलेटला गेलेला. तुजी बायको पान्याला गेलेली."

मी तिथल्या ओल्या फरशीवर बसलो. ती बोलतच होती. "बाबा लय रडला. मंग मना बोलला, बाय, माज्या पोराला सांगू नको. त्याला कललं तं तो गाडी तशीच वाळूत टाकून पलंल. सबूद दिलाय त्यानं मना. त्याचं मेस्त्रीचं काम जाईल. शनवार होऊ दे, मंग मीच सांगतो त्याला."

माझं तोंड बघून ती घाबरली. म्हणाली, "का र? तुला रुसाया नको म्हातारबाबावर. तुज्यासाठीच केलं त्यानं."

घरी आलो तर आबा मालनला मांडीवर घेऊन बसले होते. मी चप्पल काढली, हातपाय धुतले, जेवलो. ते पांढरे कपडे दोरीवर वाळत होते. धोतराच्या काठावर समुद्राचा डाग तसाच आहे. शैलानं दोनदा धुतला, जात नाही.

त्यांना वाटतं, मला कळलं असतं तर मी पळालो असतो. त्यांचा हा समज मी कसा मोडू? आणि न मोडता त्यांच्या ताटाशेजारी कसा जेवू? शैलाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या मालनची शपथ तुम्ही उगीच खर्च केलीत."

रविवार, १६ डिसेंबर

ठरलेली तारीख मोडायची नाही, असं चाळीनं ठरवलं. पटांगणात सतरंज्या घातल्या, मेणबत्त्या लावल्या, एक भन्तेजी आले. आबांना मी पुढच्या रांगेत बसवलं. दिलेला शब्द. ते पांढऱ्या कपड्यांत ताठ बसले. मी शेजारी, माझ्यापलीकडे शैला आणि मालन.

भन्तेजी पाली म्हणत, मग मराठीत अर्थ सांगत, आणि आम्ही मागोमाग म्हणत होतो. तीन शरणं झाली. पहिलं शील, दुसरं, तिसरं. आबांचा बसलेला घसा माझ्या कानाशी खरखरत होता. चौथं शील आलं. खोटं न बोलण्याचं.

माझा आवाज आला नाही. ओठ हलवावेत म्हटलं, तेही जमेना. सगळं पटांगण म्हणत होतं. आबा म्हणता म्हणता माझ्याकडे वळले. मी खाली बघत राहिलो. पाचवं शील मी पुन्हा म्हटलं, सगळ्यांबरोबर.

नंतर लोक लाडू खात होते. आबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर दम घ्यायला बसले. म्हणाले, "चौथ्याला तुजा आवाज न्हाई आला."

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. मालाड, इराणी, रेडिओ, शैलाला घातलेली शपथ, शामरावाला बोललो ते. डॉक्टरांचं कारण सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. मग शेठचं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी विचारलं, "कवा कळलं म्हणतूस?"

"गुरुवारी."

"म्हंजी सुक्रवारी सकाळी तुला ठाव हुतं."

"हो."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तपकिरीची डबी काढली आणि झाकण उघडलं. डबी गच्च भरलेली होती. दादरची, सोमवारची. दोन-चार चिमटी सोडल्या तर तिला हात लागलेला नव्हता.

"मला वाटलं, ह्याला ठाव न्हाई," ते म्हणाले. "सांगितलं तर गाडी टाकून आमा समद्यांना घिऊन धावत सुटंल. त्यापरीस एकलाच धाडू. दादरला उतरंल, गर्दी बघंल, आपसूक कळंल. उद्या शेठ यायच्या आत माघारी यील. माज्या वाटचं बी डोळं भरून बघून यील. मला काय, ह्या छातीनं जायला झालंच नसतं. तू बघितलं असतंस तर मी बघितल्यावानीच हुतं."

त्यांनी झाकण लावलं, डबी खिशात ठेवली आणि उठले. मी खांदा पुढं केला. त्यांनी कठडा धरला. दोन्ही जिने कठडा धरून चढले. मध्ये किती वेळा थांबले, ते मी खालूनच ऐकत होतो.

मंगळवार, २५ डिसेंबर

नाताळची सुटी. इतके दिवस आबा माझ्याशी बोलतात, पण चहा दे, दार लाव, एवढंच. शामरावालाही मी जाऊन खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला कशाला सांगतोस? मी काय तुझा बाप हाय?" पण तेव्हापासून चाळीत मला नमस्कार कमी येतात. गंगाधरशेठनी आणखी एका घरगाडीचं काम आणलंय. मेस्त्री म्हणून पहिलं.

आज दुपारी आबा शैलाला म्हणाले, "मला चौपाटीला ने." तिनं माझ्याकडे बघितलं. आबांनी बघितलं नाही. दोघं निघाले, मालन मध्ये. मी चप्पल घालून मागोमाग गेलो. या म्हणालं नाही कुणी, नको असंही म्हणालं नाही. ट्राममध्ये मी मागच्या बाकावर बसलो.

वाळूत उतरल्यावर मालन पुढं पळाली, तिला धरायला शैला पळाली. आबा एकटेच राहिले. चितेची जागा अजून थोडी लांब होती. लोक येत होते, फुलं ठेवून जात होते. आबा दहा पावलं गेले आणि वाकले, खोकल्याची उबळ आली. मागे न बघता त्यांनी एक हात बाजूला काढला, जिन्यात काढतात तसा.

मी धावत जाऊन त्या हाताखाली उभा राहिलो.

त्यांना कळलं कोण आहे ते. हात काढून घेतला नाही. खांद्यावर ठेवला आणि आम्ही त्या जागेपर्यंत चालत गेलो. पण एवढी वर्षं मला त्या हाताचं वजन माहीत आहे. आज हात ठेवला होता, भार टाकला नव्हता.